लॅपटॉप घेतला, आता पुढे काय?



बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हातात आले आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की आमच्या नागपुरात घरोघरी दोन प्रश्न ऐकू येतात. पहिला, "कॉम्प्युटरला नंबर लागतो का?" आणि तो लागला की लगेच दुसरा, "मग लॅपटॉप कोणता घ्यायचा?"

मी हिंगणा रोडवरच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. राहायला महालात. रोज अग्रसेन चौकातून मेट्रो धरते आणि लोकमान्य नगरला उतरते. दर उन्हाळ्यात नातेवाईक, शेजारी, आईच्या ओळखीच्या बाया, सगळे तो दुसरा प्रश्न मलाच विचारतात. त्याचं उत्तर मी देते. पण त्याच्या मागे एक तिसरा प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारत नाही. लॅपटॉप आल्यावर मूल त्यावर काय शिकलं, हे घरच्यांना कळणार कसं?

बहुतेक आई-बाबांना वाटतं, आपल्याला यातलं काही समजत नाही, मग विचारायचं तरी काय? माझं म्हणणं असं, की तुम्ही विचारू शकता आणि विचारलंच पाहिजे. त्यासाठी संगणक यायची गरज नाही. मराठी येते ना? तेवढं पुरे.

आधी लॅपटॉपचंच बोलू

कारण घरातले खरे पैसे तिथे जातात. कोणी सोसायटीतून कर्ज काढतं, कोणी सोयाबीनचे पैसे यायची वाट पाहतं, कोणी आजीची एफडी मोडतं. म्हणून आधी हे स्पष्ट सांगते की पहिल्या दोन वर्षांत आम्ही त्या लॅपटॉपवर करतो काय. सी, जावा किंवा पायथन या भाषांमध्ये छोटे छोटे प्रोग्राम लिहितो. डेटाबेस शिकतो. थोडं लिनक्स शिकतो. या कामाला फार ताकदवान यंत्र लागत नाही.

८ जीबी रॅमवर हे सगळं होतं. १६ जीबी असेल तर चारही वर्षं निवांत निघतात. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क घेऊ नका, एसएसडी हवी. लॅपटॉप सुस्त वाटतो तो बरेचदा त्या हार्ड डिस्कमुळे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी जास्तीचे पैसे मोजायच्या आधी दहा वेळा विचार करा. ते लागतं मुख्यतः गेम, व्हिडिओ, थ्री-डी आणि मशीन लर्निंगच्या मोठ्या कामांसाठी. मशीन लर्निंग शिकताना तशी गरज पडलीच, तर गूगल कोलॅबसारखी सोय ब्राउझरमध्ये फुकट मिळते. सॉफ्टवेअरवरही खर्च नाही. जीसीसी, पायथन, लिनक्स, मायएसक्यूएल, शिकायला जे लागतं ते जवळपास सगळं मोफत आहे.

आणि नागपूरकरांसाठी खास एक सूचना. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू देऊ नका. खालची हवा खेळायची जाळी बंद होते, आणि यंत्र तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. मग मुलं म्हणतात, "बाबा, हा स्लो झाला, नवीन घ्या." नवीन घेऊ नका. टेबलावर ठेवा, कूलरच्या दमट वाऱ्यापासून जरा दूर ठेवा आणि पंखा लावा.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नसतो

माझी एक मैत्रीण गडचिरोली जिल्ह्यातली. पहिलं वर्षभर तिच्याजवळ लॅपटॉप नव्हता. वसतिगृहाच्या तिच्या खोलीत तिघी, आणि तिघींत मिळून एक लॅपटॉप, तोही दुसरीचा. तिच्याकडे होता मोबाईल. मोबाईलवर प्रोग्राम लिहून पाहिलाय कधी? एकेका महिरपी कंसासाठी कीबोर्डाची दोन-दोन पानं उलटावी लागतात. अर्धविराम टाकायला गेलं की भलतंच चिन्ह पडतं. दहा ओळी लिहायला अर्धा तास.

म्हणून ती वहीत लिहायची. आधी पेन्सिलने प्रोग्राम, मग शेजारी एक तक्ता. पहिल्या फेरीला या चलाची किंमत किती, दुसऱ्या फेरीला किती, कुठे थांबेल. हे सगळं ती हाताने चालवून पाहायची आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये टाईप करायची. पण लॅब पाचला बंद. चार ते पाच या वेळेत तीस यंत्रांवर पन्नास मुलं. कधी नंबर लागायचा, कधी नाही. नाही लागला की तो प्रोग्राम तसाच वहीत राहायचा, बरोबर की चूक ते कळायला आणखी एक दिवस जायचा.

आता इथे कोणी म्हणेल, "पाहा, गरिबीतून कशी शिकली!" मला ते बोलणं आवडत नाही आणि तिलाही नाही. लॅपटॉप नसणं हे काही भाग्य नव्हे. इतर मुलं एका संध्याकाळी दहा वेळा चुकून दहा वेळा दुरुस्त करायची, तिला तेवढ्यासाठी आठवडा लागायचा. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे आले, तिने जुना लॅपटॉप घेतला आणि तिचा वेग लगेच वाढला. तेव्हा शिक्षकहो, तुमच्या हातात असेल तर लॅब दोन तास जास्त उघडी ठेवा. महागडी यंत्रं आणण्याइतकाच त्याचा उपयोग आहे.

पण वहीची सवय मात्र तिने सोडली नाही. आमच्या गटात काही अडलं की सगळे तिच्याकडे जातात. "अगं, चालूनच नाही राहिलं," असं कोणी म्हटलं की ती आधी लॅपटॉप बाजूला सारते आणि विचारते, "काय व्हायला पाहिजे होतं, ते सांग आधी." निम्म्या वेळा उत्तर देता देताच चूक सापडते.

महागड्या लॅपटॉपचंही उत्तर तेच

आता एक छोटा प्रयोग सांगते, घरी करून पाहा. मुलाला म्हणा, पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज कर. आपल्याला वाटतं उत्तर ०.३ येईल. पडद्यावर येतं ०.३०००००००००००००००४. शेवटचे ते ४ कुठून आले?

२५ हजारांचा लॅपटॉप असो की दीड लाखाचा, उत्तर हेच येतं. यंत्र बिघडलेलं नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो की ०.३३३३ असं संपतच नाही. संगणक दोनच्या पटीत मोजतो, त्याच्याकडे शून्य आणि एक एवढेच अंक. त्याच्या हिशोबात एक दशांश हा अपूर्णांक असाच न संपणारा आहे. कुठेतरी तोडावं लागतं, आणि तोडलं की तेवढा फरक उरतो. म्हणूनच पैशांचा हिशोब करणारे प्रोग्राम बरेचदा रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात लिहितात.

गणिताच्या शिक्षकांनो, आवर्ती दशांश अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा. एरवी "याचा उपयोग काय?" असं विचारणारी मुलं गप्प होऊन ऐकतात. वर्गातल्या सगळ्यांना लॅपटॉप लागत नाही, एक पुरतो. हे "असं का?" विचारणं म्हणजेच संगणकशास्त्राचा अभ्यास. यंत्र फक्त तो प्रश्न पडायला निमित्त होतं.

लिहून देणारं यंत्र आलं, मग?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आलं. म्हणजे आमची पिढी कॉलेजात आली तीच हे हाताशी घेऊन. प्रश्न टाकला की प्रोग्राम तयार, बरेचदा बरोबर, वर समजावूनही देतं. मी त्याच्या विरोधात नाही. अडलेली चूक शोधायला, नवीन भाषेची ओळख करून घ्यायला मीही वापरते. पण जर्नल तपासायच्या आदल्या रात्री वसतिगृहात काय चालतं, ते तुम्हाला माहीत असायला हवं. एका मुलाने प्रोग्राम मिळवायचा, ग्रुपवर टाकायचा, चाळीस जणांनी चलांची नावं बदलून आपापला म्हणून द्यायचा. प्रोग्राम चालतो. गुण मिळतात. घरी फोन जातो, "आई, सगळं सबमिट झालं."

मग तोंडी परीक्षा येते. परीक्षक एका ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथे मोजणी शून्यापासून का सुरू केली? एकपासून केली असती तर?" समोरचा मुलगा त्या ओळीकडे असा पाहतो, जणू पहिल्यांदाच पाहतोय. आणि खरंच पहिल्यांदाच पाहत असतो.

याहून वाईट म्हणजे, इंग्रजी शब्द पाठ असले की तिथेही निभावून जातं. "सर, इट इज अ पॉइंटर, इट स्टोअर्स द अ‍ॅड्रेस." वाक्य बरोबर आहे. कळलंय की नाही, ते या वाक्यावरून सांगता येत नाही. मराठी शाळेतून आलेली मुलं तर पहिलं वर्षभर हेच करतात. वाक्यं पाठ करतात, कारण "मला कळलं नाही" हे इंग्रजीत कसं म्हणायचं याचीच भीती. मी स्वतः मराठी माध्यमाची, वर्गात शेवटच्या बाकांवर ही शांतता कशी बसलेली असते ते मी पाहिलंय.

मराठीत सांगायला लागलं की लपता येत नाही

हाच पॉइंटर मराठीत सांगून पाहा. पॉइंटर म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता. पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवला म्हणजे घर खिशात आलं नाही. त्या कागदाची झेरॉक्स काढून भावाला दिली, तर पत्ते दोन झाले, घर एकच राहिलं. भावाने जाऊन घराला निळा रंग दिला, तर तुम्ही गेल्यावर तुम्हालाही घर निळंच दिसेल. आणि घर पाडून टाकलं, पण पत्ता खिशात तसाच राहिला, तर? त्या पत्त्यावर गेलं की गोंधळ होणारच. सी भाषेतले कितीतरी प्रोग्राम याच कारणाने कोसळतात.

ज्याला हे असं सांगता येतं, त्याला पॉइंटर आला. ज्याला येत नाही, त्याने कितीही प्रोग्राम जमा केलेले असोत, त्याला तो यायचा आहे. आपल्या बोलीत सांगायला घेतलं की पाठांतराचा आधार सुटतो आणि मुलाला स्वतः विचार करावा लागतो.

ऐकणारा तज्ज्ञ असायची गरज नाही, हे मला आमच्या आईमुळे पटलं. आई घरून पोळी-भाजीच्या ऑर्डरी घेते. आम्हाला समांतर संगणन हा विषय लागला होता, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांनी वाटून घेणं. मी तिला म्हटलं, "समज, एका ऑर्डरीची कणीक मळायला तुला १० मिनिटं लागतात आणि एकटीने लाटून-भाजून व्हायला ९० मिनिटं. एकूण १००. आता दहा जणी आल्या तर?" आई म्हणाली, "तर १० मिनिटांत होईल." मग स्वतःच थांबली. "नाही गं. कणीक तर मी एकटीच मळून राहिली ना. तोवर बाकीच्या काय हात बांधून बसतील?"

बरोबर. मळायची १० आणि लाटायची ९, मिळून १९ मिनिटं. नव्वद जणी बोलावल्या तरी १० आणि १ मिळून ११. हजार जणी आल्या तरी १० मिनिटांच्या खाली यायचं नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला नियम हाच. वाटून घेता न येणारं काम जेवढं असेल, त्याच्या खाली वेळ उतरत नाही, माणसं कितीही वाढवा. आईने पुढे जे सुचवलं ते तर पुस्तकातल्यासारखंच होतं. "मग कणीक आधीच मळून ठेवायची." एकट्याने करायचं काम कमी करा किंवा आधी उरकून घ्या, हाच तो उपाय. आई दहावी शिकलेली आहे.

आणि हा विषय आपल्या विदर्भापासून काही लांबचा नाही. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ चा, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी १९६५ मध्ये आपल्या नागपुरातच घेतली, आज आपण ज्याला व्हीएनआयटी म्हणतो त्या संस्थेतून. १९६० मध्ये ती सुरू झाली, आणि पुढे तिचं नाव विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय ठेवलं गेलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा आपल्या लोकांनी बांधलेला संगणक कामाला लागला तोही १९६० मध्येच. हजारो निर्वात नळ्यांवर चालणारं ते खोलीभर यंत्र होतं. म्हणजे भटकर शिकत होते तेव्हा मांडीवर संगणक ठेवून अभ्यास करायचं चित्र कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुढे ऐंशीच्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एक अवाढव्य प्रोसेसर मिळत नाही ना, मग ६४ छोटे एकत्र जोडून काम वाटून द्यायचं, ही त्यामागची कल्पना. म्हणजे पुन्हा आमच्या आईचा पोळ्यांचा हिशोब. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचं कामही सी-डॅकमध्येच वाढलं. आज हे मराठी अक्षर आपण पडद्यावर सहज वाचतो, त्यामागे अशा कामांचा हात आहे.

हे मी मुलांना "तुम्हीही महासंगणक बनवा" असं सांगायला लिहिलेलं नाही. काम नीट समजलं असेल, तर ते कसं वाटायचं हे सुचतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

तुम्ही काय करू शकता

पालकहो, महिन्यातून एखाद्या रविवारी, तर्री-पोहे खाता खाता मुलाला विचारा, "या महिन्यात शिकलेली एक गोष्ट मला सांग. इंग्रजी शब्द आला तर तो आधी समजाव." मध्ये अडलात की थांबवा आणि म्हणा, "हे नाही समजलं, परत सांग." यात परीक्षा घेतल्याचा सूर नको. "काय करून राहिला दिवसभर त्याच्यापुढे?" असं विचारलं की मूल दार लावून घेतं. "मला शिकव" म्हटलं की बसतं. पहिल्या वेळी त्याला जमणार नाही. कदाचित चिडेलही. पण त्या रात्री ते पुस्तक उघडेल.

शिक्षकहो, जर्नलच्या प्रत्येक प्रोग्रामखाली मुलाच्या शब्दांत पाच ओळी लिहून घ्या, मराठीत किंवा हिंदीत चालतील असं सांगा. वर्षातून काही वेळा तरी प्रोग्राम कागदावर हाताने चालवायला लावा. वर्गात "मराठीतून विचारलं तरी चालेल" हे एक वाक्य पहिल्याच दिवशी बोला. एआयसीटीईने २०२१-२२ पासून भारतीय भाषांमधून अभियांत्रिकी शिकवायची मुभा दिली आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे आहेत. साधनं येऊ लागली आहेत. पण शेवटच्या बाकावरच्या मुलीला तोंड उघडायचं धैर्य तुमच्या त्या एका वाक्याने येतं.

आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्यांनो, जे चोरून हा लेख वाचत असतील त्यांना एकच विनंती. उद्या जे सबमिट करणार आहात, ते आज घरातल्या कोणालातरी सांगून पाहा. आजी असेल तर फारच छान. आजी खूप प्रश्न विचारते.

लॅपटॉपचा दुसरा प्रश्न राहिलाच असेल, तर वर दिलंय तेवढं पाहून घ्या. ८ किंवा १६ जीबी, एसएसडी, साधा टिकाऊ कीबोर्ड, आणि ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे असा. उरलेल्या पैशांतून एक जाडजूड वही आणि पेन्सिलींचा डबा घेऊन द्या.